मेक्सिकोंतील एका दूरच्या वाटेची तयारी



भूगोलाचा शिक्षक म्हणून मीं तीस वर्षें नकाशावर छडी फिरविली. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम अंगाला, मेक्सिकोच्या वायव्य कोपऱ्यांतून खालीं समुद्रांत उतरलेली जमिनीची एक लांब, चिंचोळी पट्टी आहे. तिचें नांव बाहा कॅलिफोर्निया. द्वीपकल्पाचें उदाहरण म्हणून तिच्या टोंकावर छडी टेकावयाची, मुलांकडून नांव म्हणवून घ्यावयाचें आणि पुढें जावयाचें, असा माझा परिपाठ होता. त्या भूमीवर आपण कधीं पाऊल ठेवूं असें स्वप्नांतही आलें नव्हतें. आतां माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेंत सॅन डिएगो येथें राहतो, आणि मेक्सिकोची सरहद्द तेथून हांकेच्या अंतरावर आहे. येत्या फेब्रुवारींत मुलगा, सूनबाई, नऊ वर्षांची नात आणि मी असे चौघे मोटारीनें त्या वाटेला जाणार आहों. अशा दूरच्या मुलुखांत पहिल्यानें जातांना तयारी कशी करावी, आणि ती करितां करितां मला माझाच एक जुना धडा कसा पुसावा लागला, हें आज सांगावयाचें आहे.

द्वीपकल्पाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जाणारी पक्की सडक १९७३ सालीं पुरी झाली. उत्तरेस तिहुआनापासून दक्षिणेस काबो सान लुकासपर्यंत तिची लांबी सुमारें १,७०० किलोमीटर आहे. चिरंजीवांनीं संगणकावर आराखडा तयार केला. रजा नऊ दिवसांची. जाऊन येऊन ३,४०० किलोमीटर. ताशीं ८० प्रमाणें साडेबेचाळीस तास. म्हणजे रोज पांच तासांहूनही कमी. "बाबा, टोंक गांठून परत येऊं," तो म्हणाला. मीं कागदावर गणित पडताळून पाहिलें. उत्तर बिनचूक होतें. काळ, काम आणि वेग यांचीं असलीं उदाहरणें मीं शेंकडों मुलांना घातलीं आहेत, व उत्तर चुकलें म्हणून कित्येकांचे कान पिळले आहेत. परंतु त्या उदाहरणांतील मोटार वाटेंत कोठेंच थांबत नसे, तिच्यांतील माणसांना तहान लागत नसे, आणि तिच्यापुढें गाय कधीं आडवी येत नसे.

कागदावरील उत्तर जमिनीवर कसें खोटें ठरतें, याचा दाखला याच भूमीच्या इतिहासांत आहे. १५३९ सालीं फ्रान्सिस्को दे उल्लोआ हा स्पॅनिश दर्यावर्दी तेथील आखाताच्या थेट शेवटापर्यंत गेला, व हें बेट नव्हे असें दिसून आलें. तरीही सतराव्या शतकांत युरोपांतील नकाशे काढणारे कॅलिफोर्निया हें बेट म्हणूनच रेखाटूं लागले. एकानें काढलें म्हणून दुसऱ्यानें काढलें. शेवटीं एउसेबियो किनो नांवाच्या जेझुइट पाद्र्यानें स्वतः त्या प्रदेशांत हिंडून, जमिनीवरून तेथें जातां येतें असें दाखविणारा नकाशा १७०१ सालीं तयार केला. त्यानंतरही तें बेट कित्येक वर्षें नकाशांतून हललें नाहीं! म्हणून मीं चिरंजीवांना म्हटलें, "जे त्या रस्त्यानें गेले आहेत, त्यांना आधीं विचार."

त्याच्या कचेरींतील एक वयस्क गृहस्थ दरवर्षीं मासेमारीसाठीं तिकडे जातात. त्यांनीं आमचा आराखडा पाहिला आणि एकच प्रश्न केला : "अंधार पडतांना तुम्ही कोठें असणार?" या प्रश्नाचें उत्तर आमच्या गणितांत कोठेंही नव्हतें.

फेब्रुवारींत तिकडे सायंकाळीं साडेपांचच्या सुमारास सूर्य मावळतो. रस्ता अनेक ठिकाणीं अरुंद, कडेला उतरावयास जागा नाहीं, आणि कुंपण नसल्यामुळें रात्रीं गुरें रस्त्यावर येतात. तेव्हां आमचा पहिला नियम ठरला तो असा : दुपारीं चारनंतर चाक फिरवावयाचें नाहीं. एल रोसारियो हें गांव सोडल्यावर वाळवंट लागतें, आणि पुढें ३०० किलोमीटरांहून अधिक वाटेवर नियमित पेट्रोलपंप नाहीं. काताविन्या येथें कांहीं लोक डब्यांतून पेट्रोल विकतात. पण दुसऱ्याच्या डब्यावर भिस्त ठेवून चार जिवांना घेऊन निघणें शहाणपणाचें नव्हे. म्हणून दुसरा नियम असा कीं, एल रोसारियो येथें टांकी कांठोकांठ भरावयाची, अर्धी भरलेली असली तरीही. त्याच पट्ट्यांत मोबाईल मुका होतो. यास्तव नकाशा कागदाचाही हवा, माणशीं रोजचें चार लिटर पाणी हवें, आणि अतिरिक्त चाक नुसतें असून भागत नाहीं. त्यांत हवा आहे कीं नाहीं हें घरींच पाहावें.

आपल्याकडे ओढ्यावर फरशी असते आणि पावसाळ्यांत तिच्यावरून पाणी वाहतें. तिकडेही रस्ता अशा सखल जागीं ओढ्यांत उतरतो. तिला ते 'वादो' म्हणतात. एरव्हीं ती कोरडी ठणठणीत, पण पाऊस झाला कीं पाण्याची खोली वरून कळत नाहीं. अशा वेळीं पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावें, हा नियम कोंकणांतल्या माणसाला शिकवावयास नको. तिकडील वादळांचा जोर विशेषतः ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. तो काळ पहिल्या प्रवासास टाळलेला बरा. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढील मालमोटारीनें डावा दिवा लुकलुकविला, तर 'पुढें जा' असा त्याचा अर्थ असूं शकतो, किंवा तीच डावीकडे वळत असेल. रस्ता आपल्या डोळ्यांनीं मोकळा दिसल्यावांचून दिव्यावर विसंबूं नये.

कागदपत्रांविषयीं थोडक्यांत सांगतों. माझ्या पासपोर्टावर अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यामुळें मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाहीं. मात्र नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वीं वकिलातीकडे पुन्हा विचारावयाचें. शिवाय अमेरिकेंत परत प्रवेश मिळेल असाच तो व्हिसा आहे, हेंही पाहावयाचें. सरहद्दीवर अधिकारी आपल्याला अडवीलच असें नाहीं. आपणच उतरून प्रवेशाच्या कागदावर शिक्का घ्यावा. अमेरिकेंतील मोटारीचा विमा मेक्सिकोंत मानला जात नाहीं. तेथील विमा नसेल आणि अपघात घडला, तर जबाबदारी ठरेपर्यंत चालकास अडकवून ठेवूं शकतात. हा खर्च वांचवूं पाहणारा मनुष्य काटकसरी नव्हे, अविचारी होय. 'हिरवे देवदूत' अशा अर्थाच्या नांवाचें एक सरकारी मदत-पथक तिकडे मोटारींतून फिरत असतें. त्याचा दूरध्वनि ०७८. पण फोन मुका असेल तेथें हा आंकडाही मुकाच. म्हणून आमचा रोजचा मुक्काम एका शेजाऱ्यांस लिहून दिला आहे. ठरल्या रात्रीं निरोप आला नाहीं, तर चौकशी त्यांनीं सुरू करावयाची.

हे सर्व नियम मांडून पुन्हा गणित केलें, तेव्हां टोंक आमच्या हातून सुटलें. सान इग्नासियो हें गांव साधारण अर्ध्या वाटेवर आहे. तेथून परत फिरावें लागणार हें उघड झालें. मुलगा ऐकेना. टोंकाचा हट्ट तो धरीत होता तो माझ्यासाठीं, हें मला उशिरा कळलें. "तुम्हीच जन्मभर तेथें छडी टेकलीत ना?" तो म्हणाला. माझें वय सदुसष्ट, त्यांत मधुमेह. पुन्हा तिकडे जाणें घडेल असें मीही छातीवर हात ठेवून सांगूं शकत नाहीं. तो हें जाणतो, म्हणूनच त्याला 'नको' म्हणतां येत नव्हतें. तें मलाच म्हणावें लागलें. बापाची हौस पुरविण्यासाठीं मुलानें अंधारांत मोटार हांकावी आणि मागें नात झोंपलेली असावी, असल्या प्रवासाचें टोंक मला नको आहे.

आतांचा आराखडा असा. पहिल्या दिवशीं सान किंतिन. दुसऱ्या दिवशीं पहांटे उठून वाळवंट ओलांडावयाचें. तेथें प्रचंड शिळांमधून निवडुंग आणि मेणबत्तीसारखीं सरळ उभीं सिरियोचीं झाडें दिसतात. मुक्काम गेरेरो नेग्रो. तेथें आफाट मिठागरें आहेत, आणि तेथील खाडींत उत्तर ध्रुवाकडील समुद्रांतून हजारों किलोमीटर पोहत आलेले करडे देवमासे हिवाळ्यांत पिलांना जन्म देतात. तेथें नव्या राज्याची हद्द लागते व हिवाळ्यांत घड्याळ एक तास पुढें करावें लागतें. तिसरा दिवस देवमाशांचा. चौथा आणि पांचवा सान इग्नासियोचा, जेथें वाळवंटांत पाण्याचा झरा, खजुरीचें बन आणि १७८६ सालीं पुरें झालेलें दगडी देऊळ, म्हणजे ख्रिस्ती लोकांचें चर्च, आहे. सहावा, सातवा व आठवा परतीचे. नववा दिवस कोरा ठेविला आहे. चाक फुटलें, पाणी आलें अथवा म्हाताऱ्याची प्रकृति बिघडली, तर तो दिवस उपयोगी पडेल. कांहींच झालें नाहीं, तर घरीं झोंप काढूं.

नात मात्र हिरमुसली. "आजोबा, मग तुमचें टोंक राहिलेंच कीं!" मीं भिंतीवरच्या नकाशावर तिचें बोट टोंकापासून वर सरकविलें आणि सान इग्नासियोवर ठेविलें. म्हटलें, "आपण येथपर्यंत जाऊं. खालचें तूं पुढें कधींतरी पाहा, आणि मला येऊन सांग."