टाळ्या वाजवल्या, पण झोप झाली का ते विचारलं नाही

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत मी जे बोलले, ते बऱ्याच तायांनी मागितलं म्हणून इथे लिहून देत आहे.)



मला आज मालाच्या विक्रीवर बोलायला सांगितलं होतं. पण अध्यक्षताईंना विचारून मी विषय बदलला. आज धंदा करणाऱ्या बाईच्या थकव्याबद्दल बोलायचं आहे.

काहीजणी मनात म्हणत असतील, ‘या पोरीचं ना लग्न झालंय, ना हिचा धंदा, ही आपल्याला काय शिकवणार?’ बरोबर आहे. मी शिकवायला उभी नाही. एक चूक कबूल करायला उभी आहे.

गेल्या वर्षी याच सभेत आपण आठ-दहा जणींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. निवेदन मीच करत होते. त्यातल्या एका ताईंबद्दल मी माईकवर म्हणाले, “या रात्री एकपर्यंत काम करतात आणि पहाटे पाचला पुन्हा उठतात, म्हणून आज इथवर पोचल्या.” आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर जरा जास्तच जोरात.

दिवाळीला त्या ताईंनी 200 किलो फराळाची ऑर्डर घेतली. चकली, चिवडा, शंकरपाळे. दिवाळी झाली आणि त्या बैठकीला यायच्या बंद झाल्या. फोन उचलेनात. मला वाटलं, हप्ता चुकवतायत. मी घरी गेले ती परतफेडीचं विचारायलाच. बघते तर सोऱ्या, कढई, झारा सगळं पोत्यात बांधून माळ्यावर टाकलेलं. ताई म्हणाल्या, “मॅडम, तेलाचा वास आला तरी पोटात ढवळतं. नको मला आता हे.”

त्या दिवशी मी हप्त्याचं काढलंच नाही. चहा मीच केला. त्यांच्या परवानगीने हे सांगते आहे. नाव मात्र घेणार नाही, तुम्हीही शोधू नका.

आम्ही दोघींनी केलेला हिशोब

थोड्या दिवसांनी आम्ही वही घेऊन बसलो. डाळी, तांदूळ, पोहे, तेल, गॅस, पिशव्या, भाडं सगळं वजा केल्यावर किलोमागे सरासरी 70 रुपये उरले होते. 200 किलोचे 14,000. ताई म्हणाल्या, “फायदा तर झाला की.”

मग तास मोजले. 20 दिवस त्यांनी रोज 10 तास काम केलं. सासूबाई आणि दहावीतली मुलगी, दोघींचे मिळून रोज आणखी 10 तास. म्हणजे 400 तास. 14,000 भागिले 400, तासाला 35 रुपये. आठ तासांचा दिवस धरला तर 280 रुपये रोज. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 312 रुपये होती. फायदा नव्हताच, मजुरीसुद्धा पूर्ण सुटली नव्हती. शिवाय मुलीची सहामाही परीक्षा बुडाल्यासारखीच झाली, आणि ते कुठल्या वहीत लिहिणार?

त्यात हप्त्याची तारीख आली. ऑर्डरचे पैसे दुकानदाराकडे अडकलेले. गटात सांगायची लाज वाटली, म्हणून ताईंनी बाहेरून दुसरं कर्ज काढून आपला हप्ता भरला. आपल्या दप्तरात त्यांची परतफेड शंभर टक्के दिसत होती. दप्तर खोटं नव्हतं, पण त्यात बाई दिसत नव्हती.

थकवा आणि कोमेजणं

दिवसभर राबून रात्री झोपलं आणि सकाळी ताजं वाटलं, तर तो साधा थकवा. पण झोपूनही थकवा जात नाही, ज्या कामाची हौस होती त्याचाच वैताग येतो, गिऱ्हाईक दारात दिसलं की चिडचिड होते आणि ‘आपल्याला काही जमत नाही’ असं सारखं वाटतं, तेव्हा गोष्ट वेगळी असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात याची नोंद घेतली. त्यांनी याला आजार म्हटलेलं नाही. कामाचा ताण सतत राहिला आणि त्याची वेळेवर सोय लावली नाही, की माणसाचं असं होतं, असं ते सांगतात. म्हणजे दोष बाईच्या स्वभावात नाही. काम ज्या पद्धतीने चाललंय, ते आधी तपासायचं.

एक गोष्ट मात्र आधी करा. रक्त तपासून घ्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. दम लागतो, चक्कर येते, त्याला आपण ‘टेन्शन’ म्हणून सोडून देतो. आशाताईंना विचारा, उपकेंद्रात जा.

मग करायचं काय?

“सुट्टी घ्या, आराम करा” असं मी सांगणार नाही. म्हशीला सुट्टी नसते हे मलाही कळतं. पण एवढं करता येईल.

1. दर ठरवताना स्वतःची मजुरी आधी लिहा. सामान, गॅस, पिशवी, भाडं यांच्याबरोबर ‘माझी मजुरी’ आणि घरातल्या मदत करणाऱ्यांची मजुरी अशा ओळी वहीत हव्यातच. त्या धरल्यावर दर परवडत नसेल, तर ती ऑर्डर आपली नाही.

2. ‘एवढंच होईल’ म्हणायला शिका. एका दिवसात आपल्या हातून किती किलो निघतं ते एकदा मोजून ठेवा. त्यापुढची ऑर्डर आली तर गटातल्या दुसरीला वाटून द्या. गिऱ्हाईक जाईल म्हणून भीती वाटते, पण माल बिघडला तर ते कायमचंच जातं. मोठ्या ऑर्डरला निम्मी रक्कम आगाऊ घ्या.

3. दुकान, गिरणी, शिलाई मशीन बंद करायची वेळ ठरवा आणि दारावर पाटी लावा. गावातलं गिऱ्हाईक रात्री दहालाही हाक मारतं, कारण आपण दहालाही उठतो. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस बंद ठेवून बघा.

4. हप्ता जमणार नसेल तर तारखेच्या आधी गटाला सांगा. एका कर्जासाठी दुसरं कर्ज काढू नका. गट ठराव करून मुदत वाढवून देऊ शकतो. हे सांगणं म्हणजे कमीपणा नाही.

5. घरात काम वाटून घ्या. धंदा वाढला आणि घरातलं काम तेवढंच राहिलं, तर वाढलेलं काम बाईच्या झोपेतूनच वजा होतं. पाणी भरणं, दुकानात माल पोचवणं, मुलांचा डबा, यातलं एक तरी काम घरातल्या पुरुषाकडे कायमचं द्या. ‘मदत’ म्हणून नको, त्यांचं काम म्हणून द्या.

आणि गटाने काय करायचं?

आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हेही एक सूत्र आहे. बैठकीत आपण ते एका सुरात म्हणतो, आणि नंतर चर्चा होते ती बचतीची आणि परतफेडीची. माझी विनंती आहे, हिशोबाची वही उघडायच्या आधी दहा मिनिटं काढा. प्रत्येकीला दोनच प्रश्न विचारा. या आठवड्यात झोप किती झाली? आणि कोणतं काम डोक्यावर बसलंय? सल्ला लगेच देऊ नका. “आमच्या वेळी तर...” हे वाक्य तर नकोच. नुसतं ऐका. त्या खोलीतलं त्या खोलीतच ठेवा.

एखादी ताई दोन बैठका आली नाही, तर वसुलीच्या आधी विचारपूस करायला जा. हे मी आधी स्वतःला सांगते आहे.

कुणाला रात्र-रात्र झोप नाही, सारखं रडू येतं, किंवा ‘जगून काय उपयोग’ असं बोलणं येत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका आणि तिला एकटी सोडू नका. 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आत्ताच मोबाईलमध्ये घालून ठेवा, शेजारणीच्याही.

यंदाच्या सत्काराचं निवेदनही माझ्याकडेच आहे. कोण रात्री किती वाजेपर्यंत जागलं हे मी या वेळी सांगणार नाही. कुणी दर वाढवून मागितला, कुणी ऑर्डर वाटून दिली, कुणी दारावर पाटी लावली, ते सांगणार आहे.

त्या ताईंची कढई अजून माळ्यावरच आहे. पुन्हा खाली काढायची की नाही, ते त्यांचं त्या ठरवतील. नाही काढली तरी त्या आपल्याच आहेत. पण परवा बैठक संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, चकलीचा दर काढताना माझी मजुरी किती धरायची?”

मी म्हटलं, “ताई, चला, वही काढा.”