आपलंही पान मांडू या

दसरा-दिवाळी आली की आपल्या वसईच्या वाड्यांतली फुलं पहाटेच्या लोकलने दादरला जातात आणि मागे घरी फराळाची कढई चढते. नाताळात शेजारच्या आळीत तीच धावपळ. या सगळ्यात आपण दिवसभर चहावर भूक मारतो आणि जेवतो सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं.

2022 च्या नवरात्रात, 26 सप्टेंबरपासून, राज्य सरकारने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम सुरू केली आणि 18 वर्षांवरच्या बायकांना तपासणीला बोलावलं. देवीच्या दिवसांत आईची तपासणी! ती आपण दर सणाला करू. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली, गरोदरपणी 11 च्या खाली गेलं, तर रक्त कमी आहे असं समजायचं. दम लागतो, चक्कर येते, त्याला सणाचा थकवा म्हणून सोडायचं नाही.

बचत गटात तीन गोष्टी ठरवू. फराळाआधी आशाताईंना विचारून सरकारी दवाखान्यात रक्त तपासू. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळू आणि चहा जेवणानंतर तासाभराने घेऊ, म्हणजे अन्नातलं लोह अंगी लागेल. चकल्या-करंज्या एकमेकींच्या घरी पाळीपाळीने करू.

आणि घरच्यांची पानं वाढताना आपलंही पान त्यांच्याबरोबरच मांडू.