रस्ता आज उघडा आहे का?



थंडीची सुट्टी जवळ आली की ॲडलेडच्या मराठी घरांमध्ये एक बेत हमखास निघतो. दोनतीन कुटुंबांनी मिळून उत्तरेला जायचं आणि काटी थांडा बघून यायचं. काटी थांडा–लेक एअर हे ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात मोठं सरोवर. त्याचा तळ समुद्रसपाटीच्या सुमारे १५ मीटर खाली आहे आणि पूर्ण भरलं तर ते साडेनऊ हजार चौरस किलोमीटरवर पसरतं. पण असं भरणं क्वचितच होतं. एरवी तिथे क्षितिजापर्यंत मिठाचा पांढरा थर असतो. १९७४ साली ते जेवढं भरलं, तेवढं नोंदींमध्ये पुन्हा कधी भरलेलं नाही. २०१९ आणि २०२५ साली तिथे भरपूर पाणी आलं, पेलिकन पक्ष्यांचे थवे उतरले आणि ते बघायला माणसांचीही रीघ लागली.

अशा सहलीची तयारी आपण उत्साहाने करतो. दशम्या, चटण्या, तंबू, दुर्बीण, मुलांचे गरम कपडे, सगळ्याची यादी होते. त्या यादीत सगळ्यात वर एक प्रश्न असायला हवा, आणि आज मी फक्त त्याबद्दलच बोलणार आहे. ज्या रस्त्याने जायचं, तो रस्ता आज उघडा आहे का?

आधी रस्ता कसा आहे ते बघू. मारी या गावापासून मार्लापर्यंत जो ऊडनादाटा ट्रॅक जातो, तो सुमारे ६२० किलोमीटरचा. त्यावर डांबर नाही, माती आणि खडी. मारीहून विल्यम क्रीक दोनशे किलोमीटर, तिथून ऊडनादाटा आणखी दोनशे, आणि पुढे मार्लाही तेवढंच लांब. मध्ये पेट्रोल पंप नाही आणि बहुतेक वाटेवर मोबाइलला रेंज नाही. विल्यम क्रीकची कायमची वस्ती जेमतेम दहाबारा माणसांची. तिथून सरोवराच्या काठावर, हॅलिगन बेला जायचं तर साठेक किलोमीटरची आणखी एक वाट आहे. ती फक्त फोर-व्हील ड्राइव्ह गाडीसाठी. दुसरी वाट मारीहून मुलूरिनाच्या बाजूने वर जाते, तीही कच्चीच.

आता कोणी म्हणेल, वाळवंटात पाऊस तो किती पडणार? खरं आहे. सरोवराच्या आसपास वर्षाला सरासरी सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या दिवसातच एवढा कोसळतो. पण अडचण पावसाच्या मापात नाही, जमिनीत आहे. ही जमीन सपाट आणि चिकणमातीची. पाण्याला वाहून जायला उतार नाही, रस्त्याच्या कडेला गटार नाही. पडलेलं पाणी जागेवर उभं राहतं. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या श्रोत्यांना पावसाळ्यातलं काळं रान आठवत असेल. पायताणाला माती चिकटत जाते, थरावर थर चढतो आणि शेवटी पाऊल उचलत नाही. इथली लाल माती चाकांना तशीच धरते. दहापंधरा मिलिमीटरची एखादी सर पडली तरी रस्ता बंद करावा लागतो. थंडीत ऊन कोवळं असतं, त्यामुळे वाळायलाही वेळ लागतो. वरचा पापुद्रा सुकून टणक दिसतो आणि खाली चिखल तसाच राहतो. नुसत्या नजरेने अशा रस्त्याची पारख होत नाही.

आकाशाकडे बघूनही ती होत नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या सरोवराचं पाणलोट क्षेत्र सुमारे १२ लाख चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे ऑस्ट्रेलिया खंडाचा जवळजवळ सहावा हिस्सा. डायमँटिना, जॉर्जिना, कूपर क्रीक या नद्या क्वीन्सलंडमधला पाऊस घेऊन खाली येतात. २०२५ साली मार्चअखेरीस पश्चिम क्वीन्सलंडमध्ये प्रचंड पाऊस झाला. तो पूर सपाट मुलखातून शेकडो किलोमीटर संथपणे सरकत आला आणि मे महिन्यात सरोवरात पोचला. म्हणजे तुमच्या डोक्यावर निरभ्र निळं आकाश असताना पुढच्या वळणावर रस्ता पाण्याखाली असू शकतो. ते पाणी दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्याच राज्यात पडलेलं असतं.

या पाण्यापुढे मोठमोठ्यांना माघार घ्यावी लागली आहे. डोनाल्ड कॅम्पबेल हा ब्रिटिश वेगवीर १९६३ साली जमिनीवरच्या वेगाचा विक्रम करायला याच सरोवराच्या कोरड्या पात्रावर आला होता. अनेक वर्षं तिथे पाऊस नव्हता. तो आला आणि पाऊस लागला. सगळा लवाजमा आवरून त्याला परत जावं लागलं. पुढच्या वर्षी, १७ जुलै १९६४ रोजी, ताशी ६४८ किलोमीटरहून अधिक वेगाने त्याने तो विक्रम केला. आगगाडीचीही तीच गत. ऊडनादाटापर्यंत रूळ १८९१ साली पोचले आणि ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत १९२९ साली. पण पुराने हा मार्ग वारंवार तुटत राहिला. शेवटी १९८० साली तो सोडून देऊन नवा लोहमार्ग पश्चिमेला बराच दूर घातला गेला. आणि अलीकडचंच सांगायचं तर २०२२ च्या जानेवारीत डांबरी स्टुअर्ट हायवेसुद्धा पाण्याखाली गेला. त्या हायवेवरच्या कूबर पीडी या गावाला अन्नधान्य हवाई दलाच्या विमानाने पोचवावं लागलं.

मग रस्त्याची चौकशी करायची कशी?

पहिली चौकशी घरून. साउथ ऑस्ट्रेलियाचं वाहतूक खातं दुर्गम भागातल्या कच्च्या रस्त्यांची स्थिती सतत जाहीर करत असतं. इंटरनेटवर ती बघता येते, फोनवरही कळते. प्रत्येक रस्त्यापुढे लिहिलेलं असतं : सर्व गाड्यांना खुला, फक्त फोर-व्हील ड्राइव्हला खुला, जड वाहनांना मनाई, किंवा पूर्ण बंद. हे वाचताना ती माहिती कोणत्या दिवशी, किती वाजता नोंदवली तेही बघा. परवाची माहिती आज चालत नाही. आणि फोनवरचा नकाशा दाखवतो तो मार्ग म्हणजे परवानगी नव्हे. नकाशाला रस्ता ठाऊक असतो, काल रात्रीचा पाऊस त्याला ठाऊक असेलच असं नाही.

दुसरी चौकशी राष्ट्रीय उद्यानाकडे. इथे पुष्कळ जण चुकतात. ऊडनादाटा ट्रॅक वाहतूक खात्याकडे, पण त्यावरून फुटून हॅलिगन बेला जाणारी वाट उद्यानाच्या हद्दीत जाते आणि तिची सूचना उद्यान खातं वेगळी काढतं. मोठा रस्ता उघडा आणि आतली वाट बंद, असं अनेकदा असतं. दोन्हीकडे विचारल्याशिवाय चौकशी पुरी होत नाही.

तिसरी चौकशी तिथे पोचल्यावर. डांबर संपण्याच्या सुमाराला, मुख्य गावांच्या तोंडाशी मोठे फलक असतात. त्यांवर एकेका रस्त्याचं नाव आणि पुढे 'उघडा' किंवा 'बंद' अशी पाटी. तिथे गाडी थांबवा, खाली उतरा, फलक नीट वाचा. मग पेट्रोल भरताना पंपावरच्या माणसाला विचारा, समोरून आलेल्या ट्रकवाल्याला विचारा. ओढ्यांना पाणी आहे का, कुठे मऊ आहे, रस्ता सपाट करणारा ग्रेडर कुठवर फिरला आहे. ही माणसं मनापासून सांगतात, कारण तुम्ही अडकलात तर तुम्हाला काढायला त्यांनाच यावं लागतं.

आणि 'बंद' अशी पाटी असेल तर तो रस्ता तुमच्या गाडीलाही बंद. कितीही भारी फोर-व्हील ड्राइव्ह असली तरीही. बंद रस्त्यावर गाडी घालणं हा गुन्हा आहे, दंड होतो, विम्याचं संरक्षणही जाऊ शकतं. भाड्याच्या गाडीचा करार तर आधीच वाचा. त्यात बऱ्याचदा कच्च्या रस्त्याला मुळातच मनाई असते.

पण मला दंडापेक्षा दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. ओल्या रस्त्यावरून एक गाडी गेली तरी खोल चाकोऱ्या पडतात. ऊन लागलं की त्या विटेसारख्या टणक होतात, आणि त्या बुजवायला ग्रेडर दूरवरून आणावा लागतो. तोवर तिथल्या गुराढोरांच्या मोठ्या रानांवर राहणाऱ्या कुटुंबांनी काय करायचं? त्यांचा किराणा, डिझेल, टपाल, विक्रीची जनावरं, सगळं याच रस्त्याने जातं-येतं. आपली ती दोन दिवसांची सहल असते, त्यांचा तो रोजचा एकुलता एक रस्ता असतो. तो जपणं हे पाहुण्याचं कर्तव्य आहे.

सगळी चौकशी केल्यावरही गाडी रुतू शकते. १९९८ च्या डिसेंबरात ऑस्ट्रियाहून आलेल्या एका जोडप्याची गाडी हॅलिगन बेपाशी वाळूत रुतली. तिथे पाण्याची टाकी होती. तरी मदत मिळवायला ती दोघं विल्यम क्रीकच्या दिशेने चालू लागली. तो परत गाडीकडे आला आणि वाचला. ती पुढे गेली आणि त्या उन्हात तिचा अंत झाला. हा मुलूख किती तापतो हे ऐका : ऊडनादाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. म्हणून उन्हाळ्यात तिकडे जाऊच नका. आणि कधीही अडकलात तरी गाडी सोडू नका. विमानातून शोधणाऱ्याला गाडी दिसते, चालणारा माणूस दिसत नाही.

बरोबर काय घ्यायचं ते थोडक्यात सांगते. माणशी रोजचं निदान पाच लिटर पाणी, आणि ठरल्यापेक्षा काही दिवस जास्त पुरेल एवढं पाणी नि अन्न. दोन स्टेपन्या, चाकातली हवा मोजायचं यंत्र आणि हवा भरायचा पंप, फावडं. सॅटेलाइट फोन किंवा संकटात खूण पाठवणारा बीकन, भाड्यानेही मिळतो. आणि घरी एका जबाबदार माणसाकडे लिहून ठेवा : कोणत्या रस्त्याने जाणार, कधीपर्यंत फोन करणार, फोन आला नाही तर त्याने पोलिसांना कधी कळवायचं.

मुलं उत्सुक असतात, सुट्टी मोजकी असते, खर्च झालेला असतो. अशा वेळी परत फिरायचं जिवावर येतं, हे मला कळतं. म्हणून बेत करतानाच दुसरा बेत तयार ठेवा. कूबर पीडीहून सरोवरावर फिरवून आणणारी लहान विमानं निघतात, आणि तिथवर डांबरी रस्ता आहे. वरून सरोवराचा जो विस्तार आणि जे रंग दिसतात, ते काठावर उभं राहून कधीच दिसत नाहीत. शिवाय इथल्या मूळ रहिवासी अरबाना लोकांच्या इच्छेनुसार सरोवराच्या पात्रात उतरायला आता मनाई आहे. ते त्यांचं पवित्र स्थळ आहे. विमानातून बघणारा त्यांचाही मान राखतो.

तेव्हा श्रोतेहो, जरूर जा. मुलांना हा देश दाखवा. निघण्यापूर्वी घरून विचारा, उद्यानाकडे विचारा आणि शेवटच्या फलकापाशी पुन्हा विचारा. उत्तर 'उघडा' आलं तर हळू चालवा, अंधार पडण्याआधी मुक्कामाला पोचा. 'बंद' आलं तर वाद न घालता गाडी वळवा आणि मुलांना कारण समजावून सांगा. तीही उद्या याच रस्त्यांवर गाड्या चालवणार आहेत.

तुमचा प्रवास सुखाचा होवो.