ऐकू कमी येणाऱ्यांसाठी दूरध्वनीची निवड

आपल्या घरातील वडीलधारी व्यक्ती अलीकडे दूरध्वनीवर बोलणे टाळते का? बहुधा तिला आवाज येतो, पण शब्द उमगत नाहीत. वाढत्या वयात प्रथम उच्च पट्टीचे ध्वनी मंदावतात. त्यात साधा दूरध्वनी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढेच ध्वनी वाहून नेतो. मग ‘साठ’मधला ‘स’ गळतो आणि ‘आठ’ ऐकू येते. औषधाची मात्रा दूरध्वनीवरून विचारणाऱ्याला ही चूक महागात पडू शकते.

म्हणून ध्वनिवर्धक दूरध्वनी घेताना आवाज किती मोठा होतो, एवढेच पाहू नका. उच्च पट्टीचे ध्वनी ठळक करण्याची सोय अवश्य पाहा. श्रवणयंत्र असल्यास त्यात टेलिकॉइल आहे का, हे तज्ज्ञांना विचारा. दूरध्वनी त्याच्याशी जुळणारा हवा. कानामागील यंत्राचा मायक्रोफोन वरच्या बाजूस असतो, तेव्हा रिसीव्हर किंचित वर धरावा. अनेक जण तो कानाच्या छिद्राशीच धरतात आणि दोष यंत्राला देतात! घंटेसोबत दिवा लुकलुकत असल्यास उत्तम. रिसीव्हर ठेवताच आवाज पूर्ववत व्हावा. अन्यथा नंतर तो उचलणाऱ्या नातवंडाच्या कानठळ्या बसतील. दुकानात त्या व्यक्तीलाच घरच्या कोणाशी तरी बोलून पाहू द्या.

मात्र खरेदीपूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. कधी कानात नुसता मळच साचलेला असतो. एका कानाने ऐकू येणे अचानक बंद झाले, तर दूरध्वनीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.