शस्त्रक्रियेपूर्वी क्षणभर थांबणे



सुवर्णमहोत्सवी व्यासपीठावरून आज मी डॉ. अतुल गावंडे यांच्याविषयी बोलणार आहे. १९६५ साली अमेरिकेत जन्मलेल्या या शल्यचिकित्सकाचे मूळ विदर्भातील उटी गावच्या शेतकरी घराण्यात आहे. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे यांनी परदेशी स्थायिक झाल्यावरही आपल्या आईच्या स्मरणार्थ उमरखेड येथे महाविद्यालय उभारले. सेवेचा हा वारसा पुत्राने वैद्यकक्षेत्रात पुढे नेला.

डॉ. अतुल यांच्या ध्यानी आले की, रुग्णावर संकट ओढवते ते पुष्कळदा ठाऊक असलेलीच साधी गोष्ट गडबडीत राहून गेल्यामुळे. त्यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची सुरक्षा-सूची प्रसिद्ध केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी सर्वांनी क्षणभर थांबावयाचे. रुग्ण तोच ना? जागा तीच ना? वापरलेली उपकरणे मोजली ना? शिवाय प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावयाचे. ज्या परिचारिकेने एकदा सर्वांसमक्ष आपले नाव उच्चारले, तिला प्रसंगी ज्येष्ठ सर्जनलाही थांबविण्याचे धैर्य येते.

दिल्लीपासून टांझानियातील इफाकारापर्यंत आठ शहरांतील आठ रुग्णालयांत हा प्रयोग झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. मात्र कॅनडातील ऑन्टेरिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी सूची स्वीकारल्यावर असा लक्षणीय फरक आढळला नाही, असे २०१४ च्या अभ्यासाने दाखविले. माझ्या मते यातील बोध स्पष्ट आहे. कागदावर खूण करणे सोपे असते. थांबून सहकाऱ्याचे ऐकणे कठीण असते.

२०११ मध्ये स्थापन झालेल्या ‘लाइफबॉक्स’ या संस्थेद्वारे, भूल दिलेल्या रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू दर्शविणारी यंत्रे गरीब देशांत पोहोचविण्याचे कार्य त्यांनी आरंभिले. टेक्सासमधील मॅकॲलन शहराविषयीच्या २००९ च्या लेखात त्यांनी स्वतःच्या व्यवसायालाच जाब विचारला. तेथे वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याचा दरडोई खर्च राष्ट्रीय सरासरीच्या सुमारे दुप्पट होता, परंतु उपचार काही सरस नव्हते. अनावश्यक तपासण्या आणि शस्त्रक्रिया हे त्यांनी सांगितलेले कारण. आरोग्य सुधारणेच्या चर्चेत राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी या लेखाची विशेष दखल घेतली. सुधारणेचा कायदा २०१० मध्ये झाला.

२०२२ ते जानेवारी २०२५ या काळात त्यांनी अमेरिकी सरकारच्या ‘यूएसएड’ या मदतसंस्थेच्या जागतिक आरोग्य विभागाची धुरा वाहिली. पुढे त्याच वर्षी ती संस्थाच बंद करण्यात आली. दशकानुदशके उभी राहिलेली मदतीची व्यवस्था काही महिन्यांत मोडू शकते, हे जगाने पाहिले. म्हणूनच गावोगावच्या लहान धर्मादाय संस्थांचे मोल मला अधिक वाटते.

आपले दाते रुग्णालयांना यंत्रे देतात, ही अभिमानाची बाब आहे. यापुढे देणगी देताना एक प्रश्नही आवर्जून विचारावा: हे यंत्र हाताळणाऱ्यांतील सर्वांत कनिष्ठ व्यक्तीला ‘थांबा’ म्हणण्याची मुभा आहे काय? त्या एका शब्दाने एखाद्याचा जीव वाचू शकेल.