टेकलेल्या चाकांकडे बघा



घाटात पंक्चर झालेल्या ट्रकच्या चाकाला क्लीनर आधी दगड लावतो, मग जॅक काढतो. हे आपण लहानपणापासून पाहिलं आहे. इथे ब्रिटनमध्ये घरासमोर गाडी उचलताना मात्र आपण हँडब्रेक ओढतो आणि निश्चिंत होतो. तुमच्याकडे जुनी लँड रोव्हर डिफेंडर असेल, तर ही निश्चिंती जिवावर बेतू शकते.

सोलिहलच्या कारखान्यातून जानेवारी २०१६ पर्यंत जी जुन्या बांधणीची डिफेंडर निघाली, तिचा हँडब्रेक चाकांना लागतच नाही. तो ट्रान्स्फर बॉक्सच्या मागे, मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टला धरतो. चारही चाकं जमिनीवर असली की गाडी जागची हलत नाही. पण मागचं एक चाक उचललंत, की ते हवेत मोकळं फिरू लागतं, आणि डिफरन्शियलमुळे टेकलेलं चाकही उलट दिशेने फिरू शकतं. ब्रेक ओढलेला असतो, तरी दीड टनापेक्षा जड गाडी जॅकवरून घरंगळते. म्हणून आधी पुढच्या आणि मागच्या ॲक्सलना एकत्र बांधणारा सेंटर डिफ लॉक लावा. नुसता दांडा सरकवून भागत नाही. कधी कधी गाडी थोडी पुढेमागे घ्यावी लागते. डॅशबोर्डवरचा दिवा लागला, म्हणजे लॉक बसला. त्यानंतरही टेकलेल्या चाकांना पुढून-मागून पाचरी हव्यातच. आपला क्लीनर बरोबरच होता!

गाडीला लिफ्ट किट बसवलं असेल, तर जॅक चासीला लावू नका. लांब स्प्रिंगा उलगडत जातात, चासी वर चढते आणि चाक जमिनीवरच राहतं. मग जॅक पुरेना म्हणून खाली विटा रचल्या जातात. वीट भाराखाली अचानक फुटते. त्यापेक्षा जॅक थेट ॲक्सलखाली घ्या, चाक लगेच सुटतं.

जमीन सपाट आणि टणक हवी. ट्रॉली जॅकचा हात कमानीत वर जातो, त्यामुळे उचलताना जॅकला स्वतःला थोडं सरकावं लागतं. खडीत त्याची चाकं रुततात आणि तो कलतो. खडीच्या ड्राइव्हवर हे काम नकोच. चाकाचे नट गाडी खाली असतानाच सैल करून घ्या.

जॅक फक्त उचलण्यासाठी आहे. गाडीचा भार ॲक्सल स्टँडवर द्या, बाहेरून हलवून पाहा, आणि मगच खाली शिरा.

आणखी एक. काम सुरू करण्यापूर्वी घरात कुणाला तरी सांगून या, अधूनमधून डोकावायला लावा. डिसेंबरात इथे चार वाजताच अंधारतं, खिडक्या दुहेरी काचेच्या असतात, आणि गाडीखालून मारलेली हाक आतल्या माणसाला ऐकू जात नाही.