साखरेच्या पाकात स्निग्धांश नसतो



मधपाळांच्या संमेलनात अध्यक्षाने मधाचे गुणगान करावे अशी अपेक्षा असते. मी ते टाळणार आहे. मधावर बोलणारे पुष्कळ आहेत, परागावर बोलणारा क्वचित भेटतो. मध हे माशीचे इंधन. तिचा देह परागावर पोसतो. परागातून प्रथिने मिळतात हे पेटी ठेवणाऱ्या बहुतेकांना आता ठाऊक आहे. पण तिला स्निग्धांश कुठून मिळतो?

तोही परागातूनच. आपले शरीर कोलेस्टेरॉल स्वतः बनवते. कीटकांना ते किंवा त्या जातीचा कुठलाही स्निग्ध पदार्थ, म्हणजे स्टेरॉल, बनवता येत नाही. पेशींची आवरणे आणि कात टाकायला लावणारे संप्रेरक यांना तर ते हवेच. मधमाशीच्या अंगातले मुख्य स्टेरॉल म्हणजे 24-मेथिलीनकोलेस्टेरॉल. पिल्ले सांभाळणाऱ्या तरुण माशा आपल्या अंगातला साठा अळ्यांना भरवत राहतात. म्हणून पराग आटला तरी काही दिवस पेटीत सारे आलबेल दिसते, आणि मग पिल्ले रोडावतात. तोवर आपण दोष राणीला देऊन मोकळे झालेले असतो!

ऑगस्ट 2025 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. यीस्टमध्ये जनुकबदल करून त्यांनी माशीला लागणारी सहा स्टेरॉले तयार केली आणि ते यीस्ट खाद्यात मिसळले. त्या खाद्यावरच्या वसाहतींत कोषावस्थेपर्यंत पोचलेल्या अळ्या 15 पटींपर्यंत अधिक निघाल्या. हे खाद्य आपल्या बाजारात यायचे तेव्हा येईल. आपण पावसाळ्यात जो साखरेचा पाक देतो, त्यात स्निग्धांश औषधालाही नसतो. पाक देऊ नका असे मी म्हणत नाही. उपाशी वसाहत त्यानेच तगते. पण त्यावर पिल्ले वाढतील ही आशा सोडा. शुभ्र नवे मेण पाहूनही हुरळू नका. मेण स्निग्ध असले तरी माशी ते साखरेपासून बनवते.

पराग भरपूर असला म्हणजे झाले, असेही नाही. 2015 मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी दाखवले की, निलगिरीच्या परागात ओमेगा-3 हे मेदाम्ल कमी असते आणि केवळ त्यावर राहिलेल्या माशा वास ओळखायला शिकण्यात मागे पडतात. भरल्या ताटावर बसून उपासमार झाली म्हणायची.

ही गोष्ट गोंदियात सांगायचे कारण आपली शेती. धानाच्या फुलात मकरंद नसतो. पराग मिळतो तोही सकाळच्या थोड्या वेळापुरता. पूर्वी खरिपाच्या धानानंतर ओलीवर त्याच बांध्यांत लाखोळी आणि जवस यायचे, धुऱ्यावर तूर असायची. इटियाडोह धरणाच्या पाण्याखाली आणि बोअरच्या शिवारात त्या जागी उन्हाळी धान आला. शेतकऱ्याला मी नावे ठेवणार नाही, धानाला खरेदी केंद्र आहे, जवसाला कोण विचारतो? पण पेट्या वाटणाऱ्या योजनांनी आधी शिवारात काय फुलते ते पाहावे. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगतची पेटी आणि सलग धानातली पेटी यांना एकच वेळापत्रक लावणे मला तरी पटत नाही.

जवसाच्या बीत ओमेगा-3 असते हे ऐकून कोणी पाकात जवसाचे तेल ओतेल, म्हणून सांगून ठेवतो: तसे करू नका. तेल माशीच्या अंगाला लागले तर तिची श्वसनरंध्रे बुजतात. जवस पेरा. सकाळी उमलून दुपारपर्यंत पाकळ्या गाळणारी ती निळी फुले माशीला वेगळा पराग देतील. त्यातले स्निग्धांश किती, हे कृषी विद्यापीठाने तपासावे, असा ठराव या संमेलनात मांडावा अशी माझी सूचना आहे.

शेवटचा मुद्दा आग्यामोहोळाचा. पोळ्यात मध आणि पिल्ले यांच्यामधला पट्टा परागाचा असतो. पोळे अख्खे कापून पिळले की मधाबरोबर पिल्ले आणि त्यांची शिदोरीही जाते, मध गढूळ होऊन लवकर आंबतो आणि भावही पडतो. फक्त मधाचा भाग कापावा. पुढच्या सत्रात त्याचे प्रात्यक्षिक आहे; जंगलातून मध काढणाऱ्यांनी पुढे येऊन बसावे.